सोसायटीचे जुने सॉफ्टवेअर नव्याने लिहिताना जुळवून नेमके कोणाशी घ्यावे?

मार्कंडेय (बेळगाव)

नमस्कार. मी आणि माझा एक सहकारी असे दोघे मिळून बेळगावात लहान संस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहून देतो. गेले वर्षभर एका पतसंस्थेचे, म्हणजे आपल्याकडे सगळे जिला सोसायटीच म्हणतात तिचे, काम हाती आहे. संस्था बहुराज्य सहकारी कायद्याखाली नोंदलेली असून तिच्या शाखा बेळगाव, खानापूर आणि हुक्केरी येथे आहेत. सभासदांपैकी बरेच जण सीमेपलीकडे चंदगड तालुक्यात राहतात. संस्थेचा सगळा व्यवहार आजवर फॉक्सप्रो या नोंदी सांभाळणाऱ्या जुन्या प्रणालीत लिहिलेल्या काळ्या स्क्रीनच्या प्रोग्रामवर चालत आला. फॉक्सप्रो घराण्यातली शेवटची आवृत्ती २००४ साली आली आणि तिला मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारा आधारही २०१५ साली थांबला, त्यामुळे प्रोग्राम बदलणे भागच होते. आम्ही ब्राउझरमध्ये चालणारी नवी प्रणाली लिहिली, ती एका शाखेत महिनाभर चालवून पाहिली आणि तिथेच अडकलो.

पहिली अडचण कळांची आहे. फॉक्सप्रोमध्ये कंट्रोल आणि डब्ल्यू या दोन कळा एकत्र दाबल्या की भरलेला मजकूर साठवला जाऊन खिडकी मिटते. ब्राउझरमध्ये याच दोन कळांनी उघडलेला टॅबच बंद होतो, आणि क्रोमसारखा ब्राउझर या जोडीला हात लावण्याची मुभा आपल्या पानाला देतही नाही. तिसऱ्याच दिवशी कॅशियरबाईंनी पिग्मीच्या, म्हणजे एजंटांनी रोज गोळा केलेल्या बचतीच्या, चाळीसेक नोंदी भरल्या, वर्षानुवर्षांच्या सवयीने त्या दोन कळा दाबल्या, आणि सगळ्या नोंदी गेल्या. एफ-५ चीही तीच गत आहे: जुन्या प्रोग्राममध्ये त्या कळेने पावती छापली जात असे, ब्राउझरमध्ये पान नव्याने उघडते. एन्टर दाबला की पूर्वी कर्सर पुढच्या रकान्यात जाई. आमच्या नव्या स्क्रीनवर एन्टर दाबताच अर्धवट भरलेला अर्ज पुढे जातो.

दुसरी अडचण भाषेची. संस्थेला कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत स्क्रीन हवी आहे. काही कन्नड शब्द मराठी शब्दांपेक्षा लांब पडतात, म्हणून आम्ही कन्नड स्क्रीनवर रकान्यांची मांडणी थोडी वेगळी केली. ती स्वतंत्रपणे पाहिली तर चांगली दिसते. पण एकाच काउंटरवर सकाळी एक जण कन्नडमध्ये काम करून उठला आणि दुपारी दुसऱ्याने मराठी स्क्रीन उघडली, की शेजारच्याला 'तिसऱ्या ओळीत बघा' असे सांगण्याची सोय राहत नाही.

तिसरी अडचण गावांच्या नावांची. जुन्या नोंदींत आपल्याच शहराचे नाव कुठे बेळगाव, कुठे बेळगावी आणि कुठे इंग्रजी लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडते.

सहकाऱ्याचे म्हणणे असे की आज सगळे जग ज्या रीतीने चालते तीच रीत आपण ठेवावी, कारण उद्या कामाला येणाऱ्या मुलांनी फॉक्सप्रो डोळ्यांनीही पाहिलेला नसेल. मला ते पटते आणि पटतही नाही. सुसंगती राखा, असे या विषयावरचे प्रत्येक लिखाण सांगते. परंतु ती जुन्या प्रोग्रामशी राखायची, आजच्या मोबाइल ॲपशी राखायची की आपल्याच दोन भाषांतल्या स्क्रीनमध्ये राखायची, हे कोणी सांगत नाही. तिन्हींशी एकदम जुळत नाही एवढे मात्र आता कळून चुकले आहे.

हिरण्यकेशी (मूळ संकेश्वर, सध्या पुणे)

मी गेली काही वर्षे वापरानुभवाच्या रचनेचेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी चांगल्या स्क्रीनसाठी १९९४ साली मांडलेल्या दहा कसोट्यांपैकी चौथी कसोटी सुसंगती आणि रूढ संकेत यांची आहे, आणि आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाला ती तोंडपाठ असते. त्यांचेच दुसरे एक निरीक्षण मात्र तिच्या शेजारी ठेवून वाचायला हवे. ते असे, की तुमच्या संकेतस्थळावर येणारा माणूस आपला बहुतेक वेळ इतरांच्या संकेतस्थळांवर घालवत असतो आणि तिथल्या सवयी घेऊनच तुमच्या दारात येतो. आता हे आपल्या कॅशियरबाईंना लावून पाहा. त्या दिवसभर कोणत्या स्क्रीनसमोर बसत आल्या? तुमच्याच जुन्या प्रोग्रामसमोर. त्यांच्या लेखी 'इतर संकेतस्थळे' म्हणजे तो काळा पडदा, आणि त्यांच्याबाबतीत रूढ संकेत म्हणजे एन्टरने पुढे जाणे. आपले सहकारी ज्याला जगाची रीत म्हणतात ती त्यांची स्वतःची रीत आहे, कारण त्यांचा दिवस ब्राउझरमध्ये जातो.

याच क्षेत्रातले अभ्यासक जोनाथन ग्रुडिन यांनी १९८९ साली स्क्रीनच्या सुसंगतीविरुद्धच बाजू मांडणारा एक लेख लिहिला होता. काम कोणते आणि ते कोण करतो हे न पाहता सुसंगतीचा आग्रह धरला, तर ती चांगल्या रचनेच्या आडच येते, असा त्याचा रोख होता. आपल्या घरात विळी स्वयंपाकघरात असते, कोयता गोठ्यात असतो आणि अडकित्ता पानाच्या डब्यात. तिन्ही वस्तू कापण्याच्याच आहेत म्हणून एकाच फळीवर ठेवा असे घरातली कोणतीही शहाणी बाई म्हणणार नाही. संगणकाच्या कीबोर्डवर उजवीकडचे आकडे पाहा: वरच्या ओळीत ७-८-९ असतात. फोनवर मात्र वरच्या ओळीत १-२-३. बटणे दाबण्याचा फोन अमेरिकेत १९६३ साली ग्राहकांच्या हाती आला तेव्हापासून हा भेद चालत आला आहे आणि दोन्ही वस्तू रोज हाताळणारी माणसे त्यात अडखळत नाहीत, कारण प्रत्येक वस्तू तिच्या जागी स्वतःशी एकनिष्ठ आहे. तेव्हा पिग्मी एजंटाच्या मोबाइल ॲपवर फोनसारखे आकडे ठेवा, कॅशियरला कीबोर्डवरचे आकडे वापरू द्या, आणि स्क्रीनवर आकड्यांची चित्रे काढून दोघांनाही त्रास देऊ नका.

तडजोड कुठे करू नये, याचे चांगले उदाहरण आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. युपीआयचे ॲप कोणत्याही कंपनीचे असो, त्याचे रंग, चित्रे आणि बक्षिसांचा गोंगाट ज्याचा त्याचा असतो; पण पिन टाकण्याची स्क्रीन युपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने दिलेल्या सामायिक लायब्ररीतून (तयार प्रोग्रामच्या संचातून) येते, आणि म्हणून ती सगळीकडे सारखीच वागते. पैसा जिथून हलतो ती जागा एकसारखी ठेवली आणि बाकीच्या ठिकाणी सूट दिली. तुमच्या प्रणालीत अशा जागा कोणत्या, त्या आधी मोजा. माझ्या अंदाजाने त्या चार-पाचच निघतील: रक्कम भरणे, खाते निवडणे, नोंद पक्की करणे, नोंद रद्द करणे, पावती छापणे.

आता तातडीचे. एन्टरला जुनेच काम द्या आणि अर्ज पुढे पाठवण्यासाठी वेगळी कळ ठेवा. एफ-५ अडवता येते, तिला पावतीच छापू द्या. कंट्रोल-डब्ल्यू नेहमीच्या टॅबमध्ये अडवता येत नाही, पण तीच प्रणाली इलेक्ट्रॉनसारख्या, वेबपान स्वतंत्र प्रोग्राम म्हणून चालवणाऱ्या वेष्टनात घालून स्वतंत्र खिडकीत चालवली तर कळांवरचा ताबा तुमच्याकडे येतो. तोवर प्रत्येक ओळ भरताक्षणी कच्ची नोंद म्हणून साठवत राहा, म्हणजे टॅब गेला तरी मजकूर जाणार नाही. पान सोडण्यापूर्वी विचारणारी सूचनाही ब्राउझर दाखवतो, तीही लावून ठेवा.

दोन भाषांच्या स्क्रीनबाबत माझे मत ठाम आहे. रकान्यांची जागा दोन्हींत एकच ठेवा आणि लांब कन्नड शब्द मावेल एवढी रुंदी मराठीलाही द्या. मराठी स्क्रीन थोडी मोकळी दिसेल, त्याने काही बिघडत नाही.

काउंटर नंबर दोन (निपाणी)

मी संगणकाची जाणकार नाही. निपाणीतल्या एका सोसायटीत १९ वर्षे काउंटरवर बसते आहे. वरच्या चर्चेतले पुष्कळसे मला पटले, परंतु कळांपेक्षा मोठी एक गोष्ट राहून गेली आहे असे वाटते, म्हणून लिहिते.

आपल्या देशी नामा पद्धतीत कीर्दीच्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीच्या, डाव्या बाजूला जमा आणि उजव्या बाजूला नावे (इंग्रजीत डेबिट) असते. इंग्रजी पद्धतीच्या खतावणीत याच्या उलट, डावीकडे नावे आणि उजवीकडे जमा. आमचा जुना प्रोग्राम ज्यांनी लिहिला त्यांनी संस्थेची कागदी कीर्द समोर ठेवून लिहिला होता, त्यामुळे स्क्रीनवरही जमा डावीकडे होती. पुढे संस्थेने नवा प्रोग्राम विकत घेतला, त्यात इंग्रजी क्रम होता. प्रशिक्षणाला आलेल्या मुलाने याचा उल्लेखही केला नाही, कारण प्रत्येक रकान्यावर मथळा ठळक अक्षरांत छापलेला होता. पण समोर रांग असताना मथळा वाचतो कोण? डोळा तपशिलावर असतो आणि बोट आपल्या वाटेने जाते.

पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी हातातली रोकड आणि स्क्रीनवरची शिल्लक जुळेना. तेरीज, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बेरजांचा ताळा, मात्र अगदी बरोबर येत होती, कारण एका बाजूची चूक प्रोग्राम दुसऱ्या बाजूलाही इमानाने करून ठेवत होता. भरणा म्हणून घेतलेले ५०० रुपये काढलेले म्हणून नोंदले गेले की फरक हजाराचा दिसतो. आमच्या निवृत्तीला आलेल्या मॅनेजरांनी तो फरक निम्मा करून त्या रकमेची व्हाउचर शोधायला सांगितली आणि तासाभरात सगळी चूक हाती लागली. ते म्हणाले की कीर्दीचा हा नियम त्यांना शाळेत नव्हे, आडत दुकानात शिकायला मिळाला होता. तो प्रोग्राम वाईट नव्हता, हेही सांगते. त्याच्या स्वतःच्या सगळ्या स्क्रीन एकमेकींशी तंतोतंत जुळत होत्या. आमच्या हाताशी तेवढ्या जुळत नव्हत्या.

हिरण्यकेशी सर, आपण सुचवलेल्या सूचनेच्या खिडकीबद्दल एक शंका आहे. 'आपली खात्री आहे का' असे दिवसातून दोनशे वेळा विचारले तर आम्ही ती न वाचता होकार देतो, आणि मग जेव्हा खरोखर विचार करायला हवा तेव्हाही होकारच जातो. एका प्रोग्राममध्ये 'होय' डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे असले तर तो होकारही चुकीच्या बटणावर जातो. त्यापेक्षा नोंद रद्द करण्याची सोय सोपी द्या आणि विचारणे कमी करा.

मार्कंडेय यांच्या सहकाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की नव्या मुलांची काळजी करू नका. आमच्याकडे आलेली मुले आठवडाभरात काम उचलतात, कारण शेजारी बसलेली जुनी बाई त्यांना हाताला धरून शिकवते. ती शेजारची बाईच अडखळू लागली तर त्या मुलांना शिकवणार कोण?

खडेबाजार

एक साधी शंका. डॉसबॉक्स या जुने डॉस प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आपला प्रोग्राम आहे तसाच चालवता येतो, मग एवढा खटाटोप कशासाठी?

मार्कंडेय (बेळगाव)

डॉसबॉक्स मुळात जुने खेळ चालवण्यासाठी लिहिलेले आहे. तीन काउंटरांवरून एकाच फाइलमध्ये एकाच वेळी नोंदी करायच्या असतील तर त्यावर पतसंस्थेच्या पैशांचा भरवसा ठेवणे मला योग्य वाटत नाही. शिवाय पिग्मी एजंटांना मोबाइलवर काम हवे आहे, ते त्यातून साधणार नाही.

उतारेवाला (चिकोडी)

गावांच्या नावांचा प्रश्न कोणी हातात घेतला नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

१ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटक सरकारने बेळगावसह १२ शहरांची नावे सरकारी कागदोपत्री बदलली. त्या दिवशी नावे बदलली, पण रेल्वे स्थानकाचा संकेत बीजीएम हाच राहिला, वाहनांच्या पाट्यांवर केए-२२ राहिले, मुख्य टपाल कार्यालयाचा पिन ५९०००१ आणि दूरध्वनीचा ०८३१ तसाच राहिला. आपण शहराला कोणत्या नावाने हाक मारतो हा आपल्याकडे जिव्हाळ्याचा आणि वादाचाही विषय आहे आणि त्यात मी इथे शिरत नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने यातून घ्यायचे ते एवढे, की ओळख क्रमांकाने ठेवावी आणि नाव ही त्या क्रमांकाला लावलेली पाटी समजावी. एका क्रमांकाला मराठी पाटी, कन्नड पाटी, इंग्रजी पाटी आणि जुन्या कागदावरची पाटी अशा हव्या तेवढ्या पाट्या लावता येतात. शोधताना यांपैकी कोणतीही चालावी, आणि छापताना सभासदाने निवडलेली छापावी. याच्या उलट चूकही होते: कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही दोन वेगळी गावे आहेत, आणि नावे 'साफ' करताना 'बु.' आणि 'खु.' गाळले की दोन गावांचे सभासद एकाच गावात जाऊन बसतात.

एकाच नावाची दोन रूपे लिपीच्या आतही लपलेली असतात. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण संकेतात, स्वतंत्रपणे २००८ साली आले. त्याआधी लोक 'अ' काढून त्यावर चंद्र लावत असत. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाला ती वेगळी वाटतात आणि युनिकोडचे ठरावीक प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. 'बिऱ्हाड' किंवा 'कुऱ्हाड' या शब्दांतला अर्धा र सुद्धा दोन तऱ्हांनी साठवला जातो: एकदा नुक्ता असलेल्या 'ऱ'पासून, एकदा साध्या 'र'ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा जोडचिन्हाचा संकेत घालून. आडनावात असा र असलेला सभासद शोधताना सापडला नाही आणि कारकुनाने त्याचे दुसरे खाते उघडले, असे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. शोधासाठी एक वेगळा रकाना ठेवा आणि त्यात ही रूपे स्वतः नियम लिहून एकाच रूपात आणा. मूळ नाव मात्र सभासदाने दिले तसेच राहू द्या.

जुना मजकूर डॉसच्या काळात जिस्ट कार्डावर (संगणकात बसवायच्या, भारतीय लिप्या दाखवणाऱ्या कार्डावर) भरलेला असेल तर नशीब समजा. तो इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतात असेल, आणि इस्कीची रचनाच अशी होती की सगळ्या भारतीय लिप्यांतल्या 'क'ला एकच जागा. युनिकोडने प्रत्येक लिपीला स्वतंत्र पट्टा दिला, पण पट्ट्यातला क्रम १९८८ च्या इस्कीवरूनच घेतला, म्हणून मराठी 'क' त्याच्या पट्ट्यात जितक्या पावलांवर आहे तितक्याच पावलांवर कन्नड 'क' त्याच्या पट्ट्यात आहे. इन्स्क्रिप्ट कीबोर्डचेही तेच. ज्या कळेवर मराठीत 'क' येतो त्याच कळेवर कन्नडमध्येही 'क'च येतो. आपल्या भागात रोज दोन लिप्या लिहाव्या लागणाऱ्या माणसासाठी याहून उपयोगी जुळणी मला ठाऊक नाही, आणि तरीही आपल्या कार्यालयांत दोन भाषांसाठी दोन वेगळे आराखडे पाठ करणारी माणसे भेटतात. हे थोडे विषयांतर झाले.

मला खरे सांगायचे आहे ते जमिनीच्या मापाबद्दल, कारण सभासद दोन राज्यांतले असल्याने तुमच्या कर्ज विभागात ते येणारच. कर्नाटकातल्या उताऱ्यावर क्षेत्र एकर आणि गुंठ्यांत असते आणि ते '२-२०' असे लिहितात, म्हणजे २ एकर २० गुंठे. चंदगडचा सभासद सातबारा आणतो, त्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असते. मी पाहिलेल्या एका कर्जाच्या स्क्रीनवर 'क्षेत्र' असा एकच दशांशाचा रकाना होता आणि सगळीकडे एकसारखेपणा हवा म्हणून तो तसा ठेवला होता. कारकुनाने २-२० चे २.२० केले. ४० गुंठ्यांचा एकर असल्यामुळे २ एकर २० गुंठे म्हणजे अडीच एकर, पण २.२० एकर म्हणजे केवळ २ एकर ८ गुंठे. बारा गुंठे जमीन एका टिंबात गेली. तोच आकडा हेक्टर समजून वाचला तर ५ एकर १७ गुंठ्यांच्या आसपास होतो, म्हणजे तारण दुपटीहून जास्त दिसते. त्यातून गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा आणि आर १०० चौरस मीटरचा, इतके जवळजवळ असल्यामुळे पुष्कळ लोक दोन्ही एकच मानतात, आणि चूक लगेच डोळ्यांवर येत नाही.

इथे स्क्रीन एकसारखी ठेवण्याचा मोह टाळावा. उतारा कोणत्या राज्याचा हे आधी विचारा. कर्नाटकाचा असेल तर एकर आणि गुंठे असे दोन रकाने द्या आणि गुंठ्यांत ३९ च्या पुढचा आकडा घेऊच नका. महाराष्ट्राचा असेल तर हेक्टर आणि आर द्या, आर ९९ पर्यंत. आत साठवताना चौरस मीटर करा, पण कागदावर लिहिलेले मापही जसेच्या तसे जपा, कारण उद्या तपासनीस येऊन स्क्रीन आणि उतारा शेजारी ठेवूनच पाहणार आहे. स्क्रीन कारकुनाच्या हातातल्या कागदाशी जुळली पाहिजे. शेजारच्या दुसऱ्या स्क्रीनशी नाही जुळली तरी चालेल.

व्याजाचेही तपासा. जुना प्रोग्राम पैसे कुठे पूर्णांकात आणत होता, वर्ष किती दिवसांचे धरत होता, हे त्याच्या आकड्यांवरून शोधून काढा आणि चालू मुदत ठेवींना तोच हिशेब लावा, तो तुम्हाला चुकीचा वाटला तरीही. ठेवीदाराच्या पावतीवर अखेरची रक्कम छापून गेलेली आहे. १९०० हे वर्ष लीप नव्हते, तरी एक्सेल आजही २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस धरून चालते, कारण लोटस १-२-३ या त्याआधीच्या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये ती चूक होती आणि तिथल्या फायली जुळाव्यात म्हणून ती मुद्दाम ठेवली गेली. नव्या ठेवींना नवा हिशेब लावायला मोकळीक आहे.

मार्कंडेय (बेळगाव)

आपणा सर्वांचा मी मनापासून आभारी आहे. हे सगळे सहकाऱ्यासमोर वाचून दाखवले. एन्टर आणि एफ-५ यांची जुनी कामे परत दिली, कच्ची नोंद साठवण्याची सोय त्याच रात्री केली, आणि स्वतंत्र खिडकीचे वेष्टन या आठवड्यात होईल. दोन्ही भाषांची मांडणी एक केली. कन्नडमधला एक लांब शब्द दोन ओळींत घ्यावा लागला, तो तेवढा खटकतो. खात्री विचारणाऱ्या खिडक्या आम्ही मोजल्या तर एका पिग्मी नोंदीमागे तीन निघाल्या. त्यांतल्या दोन काढल्या, आणि तिसरीच्या जागी दिवस बंद होईपर्यंत नोंद मागे घेण्याचे बटण दिले.

जमा-नावे यांच्या क्रमावर मात्र आमचे एकमत झालेले नाही. लेखापरीक्षकांना इंग्रजी क्रम हवा असतो, आणि सहकाऱ्याच्या मते वर्षाअखेरीस तेच सर्वांत महत्त्वाचे वापरकर्ते असतात. सध्या असे ठरवले आहे की नोंद भरण्याच्या स्क्रीनवर देशी क्रम ठेवावा आणि अहवालांवर इंग्रजी. दोन्हींत जमेच्या रकान्याचा रंग एकच राहील. हे सोयीचे ठरेल की घोळ वाढवेल, हे मार्चअखेर कळेल. उतारेवाला सरांनी लिहिलेला क्षेत्राचा दशांशी रकाना आमच्याही स्क्रीनवर होता, हे कबूल करायला हवे. तो काढला, आणि त्यातून आधीच भरल्या गेलेल्या ३१ कर्जांचे उतारे आता हाताने पुन्हा तपासत आहोत.

काउंटर नंबर दोन (निपाणी)

क्रम बदलण्याआधी पासबुकांचा विचार केला आहे का? सभासदांच्या घरी असलेल्या पासबुकांवर रकान्यांच्या रेघा आणि मथळे आधीच छापलेले आहेत. अर्ध्या भरलेल्या पासबुकात पुढची ओळ नव्या क्रमाने छापली, तर जमेची रक्कम 'नावे' या मथळ्याखाली जाईल, आणि दुसऱ्या दिवशी अर्धे गाव काउंटरवर येईल. आमच्याकडे तसेच झाले होते.

मार्कंडेय (बेळगाव)

मॅडम, हे खरोखरच लक्षात आले नव्हते. प्रत्येक खात्यावर दोन गोष्टी नव्याने नोंदवून ठेवतो: सभासदाच्या हातातले पासबुक कोणत्या छपाईचे आहे, आणि त्यात शेवटची ओळ कितवी छापली गेली. छापताना क्रम त्या पासबुकाप्रमाणे ठरेल, स्क्रीनप्रमाणे नाही. नवी पासबुके छापायला टाकण्यापूर्वी जुनी किती शिल्लक आहेत ते उद्या शाखांना विचारतो.